अभ्र्यातला वास

लाँड्रीत तिला सगळे तोफ म्हणायचे. हे नाव मालकांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं. एक बाई शर्ट परत घेऊन आली आणि कॉलर पिवळीच राहिली म्हणून भांडायला लागली. तेव्हा ही सतरा वर्षांची पोर इस्त्री बाजूला ठेवून काउंटरवर आली आणि म्हणाली, "मावशी, कॉलर आम्ही पिवळी नाही केली, काकांच्या मानेने केली. मानही आणा, धुऊन देतो." बाई हसली म्हणून निभावलं. मालक हसले नाहीत. पण काढूनही टाकलं नाही, कारण तासाला तिच्याइतके शर्ट त्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या हातून होत नव्हते.

"तोंड बंद ठेवलंस तर सोन्यासारखी पोर आहेस तू," मालक म्हणायचे.

"सोनं राहू द्या काका, पंखा लावा."

तोफ एका जागी बसायची नाही. शाळेत बाकावर तिचं बूड कधी टेकलं नाही, त्यामुळे दिवसभर उभं राहून इस्त्री फिरवायचं काम तिला मानवलं. पण शाळा सुटली ती त्या बुडामुळे नाही. नववीत प्रयोगशाळेची काच फुटली. कुणी फोडली ते हिने पाहिलं होतं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, नाव सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. ही दुसऱ्या दिवसापासून गेलीच नाही. आईने बडवलं. वडील ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी, त्यांनी फोनवरून समजावलं. नाव काही बाहेर आलं नाही. अजून आलेलं नाही. चुगली करणाऱ्यापेक्षा काच फोडणारा बरा, हे तिचं तेव्हाचं मत. पुढे पाच वर्षं ते तसूभर हललं नाही. मग एका शनिवारी हललं.

त्या शनिवारी दुपारी ती घरचे कपडे घेऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. गिऱ्हाइकांचं काम संपलं की शनिवारी घरचे कपडे करून घ्यायचे, एवढी सूट मालकांनी दिली होती. आईचे गणवेश. आई एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तिथे पांढराच कोट लागायचा. धाकटीचे शाळेचे शर्ट, स्कर्ट. चादर, अभ्रे. तोफ अभ्र्यांनाही इस्त्री करायची. आई म्हणायची, "झोपल्यावर कोण बघतंय?" तोफ म्हणायची, "मी बघते."

आता गरम इस्त्रीचं एक असतं. कापडात जे काही दडून बसलंय ते वाफेबरोबर वर येतं. कुणी सिगरेट सोडली म्हणून घरी सांगतो, त्याच्या शर्टाचा खिसा तोफेला वेगळंच सांगतो. कुणाचं बाळ आजारी आहे, कुणाच्या घरात ओल आहे, सगळं तिला नाकाने कळायचं. मालक तिला डाग काढायच्या टेबलावरही उभं करायचे, कारण कुठल्या डागाला कुठली बाटली लागेल हे ती डोळे मिटून सांगायची.

धाकटीच्या अभ्र्यावर इस्त्री टेकली. वाफ सुटली. आणि तोफेचा हात थांबला.

औषधाचा वास. जखमेवर चिकटवायच्या पट्टीला येतो तसा, उग्र आणि थंड. तिने इस्त्री उचलली आणि अभ्रा हातात घेतला. एका कोपऱ्यात हाताएवढा भाग कडक झाला होता, पेज सांडून वाळावी तसा. नाक लावलं. तोच वास. हा अभ्रा धुतलेलाच नव्हता. कुणीतरी घाईत काढून, घडी करून, धुतलेल्या कपड्यांत कोंबला होता.

हा वास तिच्या ओळखीचा होता. पाच वर्षांपूर्वी धाकटीला साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो नाही, लहानपणी होतो तो. त्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवणंच बंद करतं आणि मग जन्मभर ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. त्या पहिल्या महिन्यात इन्सुलिनची एक बाटली आईच्या हातून फरशीवर पडून फुटली होती. दोन दिवस घराला हाच वास येत होता आणि दोन दिवस आई रडत होती.

"इन्सुलिनचं पेन गळलं असेल," तोफ स्वतःशीच म्हणाली.

पण पेन उशीत कसं गळेल?

तिने इस्त्री बंद केली. मग एकेक गोष्ट उलट्या क्रमाने तिच्या अंगावर यायला लागली. धाकटी टोचून घेताना पाठ करून बसते, उशी मांडीवर घेऊन. लाजते, मोठी होतेय, असं आईच म्हणाली होती. पेन वेळेवर रिकामं होतंय, म्हणजे इन्सुलिन आत जातंय, असं सगळ्यांनी धरलेलं. पाण्याची मोठी बाटली उशाशी असते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. आणि पिना. धाकटीने तिच्याकडून पिना मागून नेल्या होत्या. लाँड्रीत कपड्यांना नंबर लावतात त्या. स्कर्ट कमरेत सैल होतो म्हणून आधी एक. मग दोन. मागच्या आठवड्यात चौथी. तोफ वर म्हणाली होती, "उंच व्हायला लागलीस वाटतं, ढब्बू!"

"काका, मी चालले."

"चादर तशीच टेबलावर आहे!"

"गुंडाळा तुमच्या गळ्याला," तोफ म्हणाली आणि धावत सुटली.

*

घर तिसऱ्या मजल्यावर. धाकटी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. शनिवारची शाळा अर्ध्या दिवसाची, पण ती सकाळपासून गेलीच नव्हती. पोट दुखतंय म्हणून राहिली होती. बादलीत उलटी होती.

"ए, उठ. माझ्याकडे बघ."

धाकटी वळली. ओठ सुकून फुटले होते. श्वास असा चालला होता जसा जिना चढून आलेल्या माणसाचा चालतो, आणि ही तर सकाळपासून पडून होती. खोल, भरभर, भात्यासारखा. तोफ तिच्या तोंडाजवळ वाकली आणि तशीच राहिली.

डागांच्या टेबलावर डावीकडून तिसरी बाटली. नेलपॉलिशचे डाग काढायची. धाकटीच्या श्वासाला त्या बाटलीचा वास येत होता, आजार निघाला तेव्हा आला होता तसाच.

"उशीला टोचतेस का तू?"

धाकटीने डोळे मिटले.

"मी काय विचारलं?"

"ओरडू नकोस. डोकं दुखतंय."

"टोचतेस का?"

"रोज नाही," धाकटी म्हणाली. "आईला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे, ताई. तू सांगत नाहीस. तू कधीच सांगत नाहीस."

तोफेने फोन काढला आणि आईला लावला. पॅकिंगच्या ओळीवर फोन चालत नाही, सुपरवायझरच्या टेबलावर वाजतो. पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत ती खोलीत किती फेऱ्या मारून आली देव जाणे.

"काय गं? कामाच्या वेळी?"

"हिला बरं नाही. उलट्या होतायत. दवाखान्यात नेते."

"मला माहितेय, सकाळपासून पोट बिघडलंय तिचं. मीठ-साखरेचं पाणी दे, झोपू दे."

"आई, श्वास बघ कसा चाललाय."

"साखर नीट आहे तिची! सकाळी मी स्वतः मशीनमध्ये बघून निघाले. अठ्ठ्याण्णव. काल संध्याकाळी एकशे चार. तीन महिने झाले, एवढी छान कधीच नव्हती. तू उगाच तोफा डागू नकोस. डॉक्टर आहेस का तू? साधी शाळा तरी पुरी केलीस का?"

अठ्ठ्याण्णव.

तोफ हातात फोन धरून उभी राहिली. अठ्ठ्याण्णव हा आकडा तिने सकाळी पाहिला होता. तिच्या समोर, तिच्या मांडीवर. अन् बोट तिचंच होतं.

हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. आजार निघाला तेव्हा धाकटी दहा वर्षांची होती आणि बोटाला सुई टोचायच्या वेळी घर डोक्यावर घ्यायची. तेव्हा तोफ म्हणाली, "मी पण टोचते. तुझ्याबरोबर. तुला दुखेल तेवढं मला दुखेल, फिट्टंफाट." त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोघी शेजारी बसून बोटं टोचायच्या. धाकटीचा थेंब मशीनच्या पट्टीवर आणि तोफेचा थेंब फडक्याला पुसायचा. पाच वर्षांत हा नेम चुकला नाही. तोफेच्या डाव्या हाताची बोटं टोकांना खरबरीत झाली, इस्त्रीने नाही, सुयांनी.

तीन महिन्यांपूर्वी धाकटी एकदा म्हणाली, "माझं झालं आधीच. आज तुझा थेंब पट्टीवर घालू. एवढी कडू बोलतेस, आतून गोड आहेस का बघू." तोफ खूप हसली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग रोज. तोफेला वाटलं, पोरगी आता हसत-खेळत आजार घेतेय. आपलं बोट ती रोज आनंदाने पुढे करत होती. आणि मशीन रोज तोफेची ठणठणीत साखर धाकटीच्या नावाने साठवून ठेवत होतं.

"हॅलो? हॅलो? ऐकतेस का?" फोनमध्ये आई.

तोफेने फोन खांद्यात धरला, कपाटावरून मशीन काढलं, धाकटीचा हात ओढला. धाकटीने मूठ घट्ट मिटली.

"सोड."

"मूठ उघड."

"ताई, तू शपथ मोडलीस तर मी मरेन."

"नाही मोडली तर मरशील, गाढवे! उघड!"

बोट टोचलं, थेंब आला, पट्टीवर गेला. पाच सेकंद. मशीनवर आकडा आलाच नाही. मशीनच्या मोजमापाच्या वर गेलं की आकड्याच्या जागी दोन अक्षरं येतात, ती आली. पाच वर्षांत या घरात ती कुणी पाहिली नव्हती, फक्त पुस्तिकेत वाचली होती. तिथे त्यांच्याखाली लिहिलेलं होतं: ताबडतोब दवाखाना गाठा.

"आई," तोफ म्हणाली. "ते अठ्ठ्याण्णव माझं आहे. मोठ्या दवाखान्यात ये. आत्ता."

*

तोफेने दुकानात फोन केला आणि लाँड्रीची बंद गाडी मालकांनी स्वतः आणली. मागे धुतलेले सूट, ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लटकत होते, त्यांच्याखाली घडीच्या चादरी टाकून धाकटीला निजवलं. वळणावर सगळे सूट एकदम एका बाजूला झुकायचे आणि परत यायचे. मालकांनी जन्मात तिसऱ्या गिअरच्या पुढे गाडी नेली नव्हती.

"काका, गाडी चालवताय की वरात काढताय?"

"सिग्नल आहे पोरी."

"मग हॉर्न कशाला दिलाय गाडीला?"

मालकांनी हॉर्नवर हात ठेवला तो दवाखान्यापर्यंत काढला नाही. मागे धाकटी अर्धवट झोपेत होती. तोफ तिच्या गालावर चापट्या मारत होती, बोल म्हणत होती, काहीही बोल, शिव्या दे.

"तूच ठेवलंस," धाकटी पुटपुटली.

"काय?"

"ढब्बू. आजार निघाला तेव्हा मी काडी होते. मग सुया सुरू झाल्या, अंग भरलं. तू म्हणालीस, आली बघा आमची ढब्बू. तेव्हापासून सगळेच..." श्वास घेतला. "सुया घेतल्या की मी ढब्बू होते. नाही घेतल्या की नाही होत. साधं आहे."

तो दिवस तोफेला लख्ख आठवत होता. दवाखान्यातून आणलेली हाडाची काडी महिन्याभरात पुन्हा गुबगुबीत झाली होती. आनंदाने तिच्या तोंडून ते नाव निघालं होतं. पाच वर्षं ती ते लाडाने घेत होती, जिन्यातून, रस्त्यातून, शाळेच्या फाटकावरून. आणि गेल्या तीन महिन्यांत शेजारपाजारचे जेव्हा म्हणत होते, "अरे वा, छान बारीक झालीस, काय करतेस गं?" तेव्हा ढब्बूच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते बघून तोफही खूश व्हायची.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, केस वर बांधलेले, बोलणं तोडून. तिने नळी लावली, रक्त घेतलं, नाकाशी वाकून श्वास बघितला.

"इन्सुलिन शेवटचं कधी घेतलं?"

"सकाळी," धाकटी म्हणाली.

"पूर्ण?"

"हो."

तोवर आई पोचली होती, पांढऱ्या कोटातच, डोक्यावर कारखान्याची टोपी. तोफेने घरून आणलेल्या पिशवीतून तिने मशीन काढून परिचारिकेच्या हातात दिलं. "डॉक्टर, हे बघा, सगळं लिहिलेलं आहे. वहीपण आहे. एक दिवस चुकवला नाही आम्ही. ही काहीतरी बडबडत होती फोनवर..."

परिचारिका आजची ती दोन अक्षरं ओलांडून मशीनमधले मागचे आकडे बघत गेली. अठ्ठ्याण्णव, एकशे चार, ब्याण्णव, एकशे एक. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "नियंत्रण तर चांगलं दिसतंय."

"मग कुठेतरी जंतुसंसर्ग असणार," डॉक्टरीण म्हणाली. "छातीचा फोटो, लघवी, सगळं पाठवा."

धाकटीने तोफेकडे पाहिलं. नळी लावलेला हात तिने थोडा उचलला आणि तोफेच्या ओढणीचं टोक धरलं. घट्ट. तोफेला प्रयोगशाळेची काच आठवली, आणि बाईंची खुर्ची, आणि आपण तेव्हा किती ताठ उभ्या होतो ते. ताठ उभं राहणं किती सोपं होतं तेव्हा. काचच तर होती.

"जंतू नाहीत," तोफ म्हणाली. "ही इन्सुलिन उशीत टोचते. तीन महिने. बारीक व्हायला. आणि त्या मशीनमधलं रक्त माझं आहे. बोटं बघा." तिने डावा हात पुढे केला.

आईच्या हातातली वही खाली पडली. धाकटीने ओढणी सोडली.

"चुगलखोर," ती म्हणाली. आवाज जेमतेम निघाला, पण सगळ्यांना ऐकू आला.

"आहे," तोफ म्हणाली. "परत करीन."

*

धाकटी वाचली. तीन दिवस नळीतून इन्सुलिन आणि सलाइन थेंबथेंब चालू होतं आणि तीन दिवस ती तोफेशी बोलली नाही. तोफ मात्र पलंगापासून हलली नाही, म्हणजे तिच्या हिशोबाने नाही. बाकीच्यांच्या हिशोबाने तिने त्या वॉर्डात एवढ्या येरझाऱ्या घातल्या की समोरच्या आजी म्हणाल्या, "बाई, बस तरी, नाहीतर झाडू घे."

चौथ्या दिवशी डॉक्टरीण आईला आणि तोफेला बाहेर घेऊन गेली.

"त्या दिवशी तू बोलली नसतीस तर ही बरी होऊन घरी गेली असती आणि महिन्याभरात परत आली असती. किंवा आली नसती," ती म्हणाली. "तुमचीच पोरगी असं करते असं नाही. या आजाराची या वयातली पोरं, मुलगेसुद्धा, बरीच अडकतात यात. दिवसभर खाणं मोजायचं, आकडे बघायचे, वर सुयांनी वजन वाढतं. डोक्यात अन्न आणि आरसा सोडून काही राहतच नाही. हा हट्ट नाही, हाही आजारच आहे. दर आठवड्याला इथल्या समुपदेशक बाईंकडे यायचं."

"माझंच चुकलं," आई म्हणाली. "मी तिचा भातसुद्धा काट्यावर मोजून वाढायचे."

"चूक कुणाची ते नंतर बघा. काटा आधी स्वयंपाकघरातून काढा. आणि टोचताना कुणीतरी शेजारी बसायचं. पोलीस म्हणून नाही, सोबत म्हणून."

"सोबतच करत होते मी," तोफ म्हणाली.

डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. "आता तुझं बोट खिशात ठेवून कर."

घरी आल्यावर सोपं काही नव्हतं. इन्सुलिन सुरू झालं तसं अंगात पाणी धरलं, चेहरा सुजला, चपला घट्ट झाल्या. समुपदेशक बाईंनी सांगून ठेवलं होतं की हे होईल आणि ओसरेल, पण ऐकणं वेगळं आणि आरशासमोर उभं राहणं वेगळं. धाकटी न्हाणीघरात बसून रडायची. एकदा पेन भिंतीवर फेकून मारलं. तोफ दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली, अर्धा तास, एका जागी. ज्यांनी तिला ओळखलंय त्यांना यावर विश्वास बसणार नाही.

ढब्बू हे नाव घरातून गेलं. तोफेच्या तोंडून दोन-तीनदा अर्धं निघालं, "ढ..." आणि गिळलं. धाकटीचं खरं नाव घरात इतकं कमी वापरलं गेलं होतं की आधी परक्या पोरीला हाक मारल्यासारखं वाटायचं. पण हळूहळू बसलं.

कमरेच्या पिना धाकटीने स्वतः काढून दिल्या. आधी दोन. मग पंधरा दिवसांनी तिसरी. चौथी अजून स्कर्टलाच आहे. तोफ मागत नाही.

परवाच्या शनिवारी धाकटी शाळेतून सरळ लाँड्रीत आली. तोफ घरचे कपडे करत होती. अभ्रा टेबलावर आला, इस्त्री फिरली, वाफ उठली, आणि तोफेने मान खाली घातली. दर शनिवारी घालायची. वर पाहिलं तर धाकटी टेबलापलीकडे दप्तर लावून उभी.

"हुंगलास?"

तोफ खोटं बोलली असती तर बरं झालं असतं का, कोण जाणे. "हुंगला."

काउंटरवर मालकांनी पेपर खाली घेतला.

"काय आलं?"

"तेल. आणि तुझ्या डोक्यातला कोंडा. केस धुवत जा जरा, बाई."

धाकटी बघत राहिली. रागाने की कशाने, ते तोफेला कळेना, आणि याला कुठली बाटली लागेल तेही तिला सांगता आलं नसतं. मग धाकटीने हात लांब करून अभ्रा ओढला, स्वतः एकदा नाकाशी धरला आणि परत टेबलावर टाकला.

"मंगळवारी एकदा उशी मांडीवर घेतली होती," ती म्हणाली. "मग ठेवली खाली. पोटातच घेतलं."

"आईला सांगू?"

"मी सांगते." ती दप्तर खाली ठेवून स्टुलावर बसली. थोडा वेळ पाय हलवत राहिली. "तू हुंगत राहा पण."

"राहते," तोफ म्हणाली आणि अभ्र्याची दुसरी बाजू वर केली.